प्रश्न तुमचे : उठलेल्या गावात पणजोबांचं घर कसं शोधायचं?

टपालानं आणि व्हॉट्सअॅपवर मिळून ह्या महिन्यात एकाच विषयाचे प्रश्न इतके आलेत की रेशन कार्ड, वारसा नोंद, पेन्शन हे सगळं पुढच्या अंकात ढकललंय. विषय हा की आज्जा-पणज्याचं गाव आता जागेवर नाही. कुणाचं रानात गेलं, कुणाचं धरणात, कुणाचं नुसतंच उठलं आणि माणसं शेजारच्या गावात जाऊन राहिली. आता नातवंडं पुण्यात, मुंबईत, गोव्यात, आणि त्यांना ती जागा बघायचीय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्म्या पत्रांत भाऊबंदकीचा मजकूर आहे.

प्रश्न : माझे पणजोबा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पश्चिमेकडं जंगलातल्या एका वाडीत राहायचे असं आजी सांगायची. ती सांगायची ते नाव कुठल्याच नकाशात सापडत नाही. पटकी की प्लेग, कशानं तरी माणसं गेली आणि उरलेली नंदगडकडं आली एवढंच माहीत आहे. आजी आता नाही. घराची जागा आणि पणजोबांना पुरलं ती जागा बघायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाडीच्या नावामागं लागू नका, निदान सुरुवातीला तरी. आजीच्या तोंडातलं नाव आणि कागदावरचं नाव एकच असेल असं नसतं, ती कदाचित चार घरांच्या आडनावावरनं वाडी म्हणत असेल किंवा देवाच्या नावावरनं, आणि कागदावर तिसरंच काहीतरी असेल, ते पण आता कानडीत. आधी एवढं ठरवा की ते स्वतंत्र मौजे होतं का दुसऱ्या कुठल्या गावाची वाडी. सगळा फरक इथं पडतो. इंग्रजांच्या वेळी जमिनीची मोजणी झाली तेव्हा ज्याला मौजे म्हणून धरलं त्याला स्वतःची शीव, स्वतःचे सर्व्हे नंबर, स्वतःचा गावनकाशा मिळाला, आणि मग माणसं मेली, उठली, कुठंही गेली तरी सरकारच्या लेखी ते गाव असतंच, कारण जमीन काय उठून जात नाही आणि तिचा आकार म्हणजे शेतसारा भरायचाच असतो. अशा गावाला 'बेचिराख' म्हणतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत सुद्धा वस्ती नसलेली गावं यादीत असतात, माणसांच्या रकान्यात काही नाही पण क्षेत्रफळ आहे. वाडी असेल तर मात्र तिची जमीन मूळ गावाच्या नंबरात मिसळलेली आणि नाव कुठं छापलेलं असेल नसेल. खानापूरच्या पश्चिमेला दोन-चार घरांच्या वाड्याच जास्त, त्यामुळं माझा अंदाज तुमची वाडीच असणार.

आता आजीचे शब्द आठवा, तिच्या गोष्टी नकोत, नेमके शब्द. 'गाठ आली', 'उंदीर पडले', 'माळावर झोपड्या टाकून राहिलो' असं म्हणायची का? तो प्लेग, बेळगावकडं तो १८९७ च्या सुमारास आला आणि पुढं बरीच वर्षं येत-जात राहिला. 'मानमोडी' म्हणायची का? तो १९१८ चा इन्फ्लुएंझा. 'पटकी' म्हणजे कॉलरा, तो केव्हाही. 'दुष्काळात आलो' असेल तर १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, पण एवढं मागचं पणजोबांच्या वेळचं नसेल, खापरपणजोबांचं असेल. ह्यावरनं वर्ष अंदाजे हाताला लागतं आणि मग ऑफिसात काय मागायचं ते कळतं, नाहीतर 'जुनं रेकॉर्ड द्या' म्हटल्यावर रेकॉर्ड रूमवाला तुमच्याकडं बघत बसतो आणि त्याचं काही चुकत नाही.

मागायचं काय? उरलेली माणसं नंदगडकडं आली म्हणताय तर उलटं चला. नंदगडात किंवा जवळपास तुमच्या घराण्याच्या नावावर जी पहिली जमीन लागली तिचा उतारा आणि त्यामागचे सगळे फेरफार काढा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदीची पुस्तकं सुरू झाली, त्यात मयत कोण, वारस कोण आणि 'राहणार' कुठं असं लिहिलेलं असतं. लोक वारसांची नावं वाचतात आणि 'राहणार' सोडून देतात, मी म्हणतो तेवढंच आधी वाचा. आजच्या आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, हे काही दिसणार नाही, तो कॉम्प्युटरवरचा ताजा उतारा, तुम्हाला हातानं लिहिलेली जुनी पुस्तकं पाहिजेत आणि ती तालुका ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. कर्नाटक सरकारनं हल्ली जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं काम भू सुरक्षा नावानं काढलंय, त्यामुळं तुमचं पुस्तक स्कॅन झालंय का ते पहिलं विचारा, फाटक्या पानांपेक्षा ते बरं. नाही मिळालं तर लेखी अर्ज, नकलेची फी, पावती. तोंडी काही मागू नका.

सर्व्हे नंबर लागला की सर्व्हे ऑफिसातनं तीन कागद घ्या, त्या नंबरचं मूळ टिपण (मोजणीच्या वेळचा मापांचा कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आणि गावनकाशा. जुने गावनकाशे मैलाला आठ इंच ह्या मापाचे आहेत, त्यात गावठाण, विहीर, देऊळ, ओढा, गाडीवाट सगळं येतं. दुसरा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, बेळगाव-खानापूर भाग ४८ आय ह्या शीटमध्ये पडतो, मैलाला इंच मापाची जुनी आवृत्ती मिळाली तर फारच चांगलं, कारण त्या नकाशांत उठलेल्या गावाला वेगळी खूण आहे आणि देऊळ, थडगी, कबरी ह्यांच्यासुद्धा खुणा आहेत. कोपऱ्यातली खुणांची यादी नीट बघा. शिवाय जंगल राखीव करताना तिथं राहणाऱ्यांचे काय हक्क आहेत ह्याची चौकशी व्हायची, १८७८ च्या जंगल कायद्यात तसं होतं, ते कागद वनखात्याकडं शिल्लक असले तर त्यात वाडीचं नाव यायची शक्यता आहे.

पण खरं सांगू का, कागदापेक्षा लवकर माणसं सांगतात. त्या भागातल्या शेजारच्या गावात जा आणि देवाच्या पुजाऱ्याला, हक्कदारांना भेटा. गाव उठलं तरी त्याचा देव बऱ्याच ठिकाणी उठत नाही, सातेरी असो, रवळनाथ असो, माउली असो, वर्षातनं एकदा कोणीतरी जाऊन नारळ देतं आणि गाऱ्हाणं घालताना त्या जागेचं नाव घेतं. कुणाच्या घरचा नारळ पहिला, मान कुणाचा, हे विचारा. आणि गावात शिरल्या शिरल्या 'इथं आमची जमीन होती' असं चुकून म्हणू नका, समोरचा लगेच गप्प होतो, त्याला वाटतं पुण्याचा पावणा कोर्टाची नोटीस घेऊन आलाय. 'देवाला नारळ द्यायचाय, आमचा आज्जा हितला' एवढं म्हणा, मग म्हातारी माणसं आपणहून सांगतात, "ती चिंच दिसतीया न्हवं, तिच्या बुडी चार घरं हुती बगा." असं कोणी जागेवर नेऊन उभं केलं की फोनवर दिशांक नावाचं कर्नाटक सरकारचं अॅप उघडा, तुम्ही उभे आहात तो सर्व्हे नंबर ते दाखवतं. मग वर सांगितलेली टिपणं ह्या नंबरावरनं मागवता येतात. त्या रानात नेटवर्क नसतं म्हणून नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा आणि नुसतं लोकेशन नोंदवून आणलंत तरी घरी बसून नंबर काढता येतो.

तिसरा रस्ता हेळवी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या सीमाभागात, कोल्हापूर-सांगलीकडं आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्पिढ्या वंशावळ सांगत फिरणारे हे लोक, पूर्वी बैलावर बसून सुगीनंतर यायचे, चोपडीतनं घराण्याचा मूळपुरुष, मूळ गाव, कुठनं कुठं आले सगळं वाचून दाखवायचे आणि धान्य घेऊन जायचे. अजून येतात, मोटारसायकलवर. तुमच्या शहरातल्या घरी येणार नाहीत, पण गावाकडं जे भाऊबंद राहिलेत त्यांच्या दारात तुमच्या घराण्याचा हेळवी येत असणार, त्याचा फोन नंबर घ्या. एक सावध करतो, हेळवी मूळ गाव म्हणून कधी कधी सात-आठ पिढ्या मागचं मोठं गाव सांगतो, मधली जंगलातली वाडी त्याच्या हिशोबात नसते, म्हणून 'मूळ' विचारू नका, 'नंदगडच्या आधी कुठं' असं विचारा. बायकांची नावं फार मिळतील अशी आशा ठेवू नका, हे मला अजिबात आवडत नाही पण आहे ते असं आहे.

जागेवर गेल्यावर घर म्हणून काय दिसेल? भिंत उभी मिळणार नाही. तिकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला पुण्यात बसून कळणार नाही, आमगाव, कणकुंबीकडं वर्षाला काही हजार मिलीमीटर पडतो, छप्पर गेलं की मातीची भिंत थोड्या पावसाळ्यांत ढिगारा होते. ढिगाराच शोधायचा. गावठाणाची माती शेतापेक्षा वेगळी असते, राखट, भुरकट, हातात घेतली की खापराचे तुकडे लागतात, आपल्याकडं तिला पांढर म्हणतात. जांभ्याचे चिरे ओळीत दिसले तर जोतं. उखळाचा दगड, फुटकं जातं, तुळशीवृंदावनाचा चौथरा, बुजलेला आड. झाडं बघा, रानात एकाच जागी चिंच, फणस, रायवळ आंबा आणि जवळ निवडुंगाचं कुंपण असेल तर ते माणसानं लावलंय. कौलाचा तुकडा सापडला तर उलटा करून बघा, मंगळुरी कौलावर कारखान्याचा छाप असतो, खुद्द खानापूरला कौलांचे कारखाने होते, छापावरनं ते घर साधारण कुठल्या काळात शाकारलं होतं ते जाणकार सांगू शकतो. नळीची देशी कौलं असतील तर त्यावर काही नसतं.

आता पुरलेली जागा. इथं मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, आजार, तारीख मिळेल, पण कुठं पुरलं ते मिळेलच असं नाही. रोगाच्या साथीत तर जिथं जमेल तिथं, ओढ्याकाठी, शेताच्या बांधाला, आणि वर चार दगड, तेही पुढं कोणीतरी बांधाला लावले. साधारणपणे वस्तीच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेकडं बघा, आणि एखादं मुद्दाम लावलेलं झाड दिसतंय का बघा. नंदगडलाच इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, १८३१ ला त्याला तिथं फाशी दिलं, त्या समाधीवरचा वड सगळ्यांना माहीत आहे, दगडावर अक्षर नसलं तरी झाडानं जागा टिकते. गरिबाच्या थडग्यावर पण कधी चाफा, कधी रुई असं काहीतरी असतं.

आणि कोरलेला दगड दिसला की 'हेच पणजोबा' म्हणून फोटो टाकू नका. खालच्या कप्प्यात लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर शिवलिंगाची पूजा, वरती चंद्र-सूर्य, हा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. हात कोपरात वाकवून बांगड्यांसकट कोरलेला असेल तर सतीशिळा. खानापूर तालुक्यात हलशीसारखं कदंब राजघराण्याचं ठाणं आहे, नंतर गोव्याचे कदंब, सौंदत्ती-बेळगावचे रट्ट, त्यामुळं असे दगड ह्या भागात सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे सहज असतात. ते कुणाचे तरी पणजोबा आहेत, तुमचे असतीलच असं नाही. त्यांना ऑइल पेंट लावू नका, खरवडू नका, गाडीत घालून तर अजिबात आणू नका.

खानापूर तालुक्यातच भीमगड अभयारण्य २०११ ला झालंय. तुमची जागा त्या हद्दीत येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि सोबत त्यांचा माणूस असलेला बरा, अस्वलं आहेत. पावसाळ्यात जाऊच नका. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, माघ-फाल्गुनात जमीन उघडी दिसते, तेव्हा जा.

प्रश्न : आईचं माहेर हिडकल धरणात गेलं. तिचं वय झालंय, तिला एकदा जुन्या घराची जागा दाखवायची आहे. शक्य आहे का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : शक्य आहे, पण वर्ष बघून. हिडकल म्हणजे घटप्रभेवरचं ५१ टीएमसीचं धरण, १९७७ ला पूर्ण झालं, पाऊस चांगला झालेल्या वर्षी उन्हाळ्यात सुद्धा पाणी फार उतरत नाही. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्यातनं वर आलं अशी बातमी ज्या वर्षी येते ते तुमचं वर्ष. एप्रिलच्या शेवटापासनं मृगाच्या आधीपर्यंत.

त्याच्या आधी घरी बसून एक काम करा. सेंटिनेल उपग्रहाचे फोटो इंटरनेटवर फुकट आहेत, २०१५ पासूनचे, त्यातले प्रत्येक वर्षीचे मे महिन्याचे काढा आणि पाणी सगळ्यात कमी कधी होतं ते बघा. घर दिसणार नाही, दहा मीटरला एक ठिपका एवढंच त्यात येतं, पण नदीचं जुनं पात्र, रस्ता, उंचवटा कळतो. गावनकाशा मिळवून त्यावर ठेवलात की गावठाण पाण्याच्या कुठल्या अंगाला पडतं ते समजतं.

घराबद्दल मात्र तुम्ही खानापूरच्या वाचकापेक्षा नशीबवान आहात. धरणात गेलेल्या गावाचा भूसंपादनाचा निवाडा झालेला असतो, आणि नुकसानभरपाई द्यायची म्हणून सरकारनं घर न् घर मोजलेलं असतं, कुणाचं, किती खणाचं, भिंत मातीची का दगडाची, परड्यात झाडं किती, विहीर आहे का. लोक त्या फायलीकडं फक्त पैशासाठी बघतात. तुमच्या आज्ज्याच्या घराचं एवढं वर्णन दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळणार नाही, कितीही हेलपाटे पडले तरी ती फाईल मिळवाच, मालकाच्या नावानं नाही सापडली तर सर्व्हे नंबरानं मागा, माहिती अधिकारात मागितली तरी चालते.

आईला गाळात उतरवू नका. वरनं वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि खाली माणूस गुडघ्यापर्यंत जातो. काठावर गाडी जाते तिथं खुर्ची टाकून बसवा, सोबत तिच्या वयाची पुनर्वसित गावातली एखादी मैत्रीण घ्या आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्या दोघी कुठलं घर कुठं ते हात करून बरोबर सांगतील, भांडतील पण.

प्रश्न : वडिलांचा जन्म १९४८ चा, चंदगड तालुक्यातला. शाळेच्या दाखल्यावर जिल्हा बेळगाव आहे. आजोबा-पणजोबांच्या नोंदी काढायला गेलो तर एका राज्यात म्हणतात तिकडं जा, दुसऱ्या राज्यात म्हणतात इकडं काही नाही. नक्की कुठं जायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्हीकडं, पण क्रमानं. दाखला बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं आणि सगळा जिल्हा मुंबई राज्यात. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला तो 'चंदगड तालुका वगळून', म्हणून चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. गाव पातळीवरची पुस्तकं गावाबरोबर राहतात, जिल्ह्याची पुस्तकं जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळं आधी चंदगड तहसीलमध्ये गाव नमुना १४ मागा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तिकडं कोतवाल बुक म्हणतात. मग हक्कनोंद आणि फेरफार तिथलेच. ह्यात काम झालं तर बेळगावला यायची गरजच नाही. नाही झालं तर इनाम-वतनाची प्रकरणं, अपिलं, कलेक्टरच्या सहीचे हुकूम असलं काही बेळगावच्या रेकॉर्डमध्ये शोधायचं, आणि अर्जात '१९५६ पूर्वीचा चंदगड तालुका, जिल्हा बेळगाव' असं सरळ लिहायचं, नुसतं चंदगड लिहिलं की क्लार्क तुम्हाला दारातनंच परत पाठवणार. जुनं काही धारवाडच्या पुराभिलेखागारात पण गेलेलं असू शकतं.

बाकीच्या वाचकांसाठी पण सांगून टाकतो, कारण इथं बरेच फसतात. आज बेळगाव जिल्ह्यात आहे म्हणजे पूर्वी ते इंग्रजांचंच होतं असं नाही. शहापूर सांगली संस्थानचं, रायबाग कोल्हापूरचं, रामदुर्ग तर स्वतःच संस्थान. सांगली, रामदुर्ग ही दक्षिणेतली संस्थानं मार्च १९४८ ला मुंबईत विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. तुमचं गाव ह्यातलं असेल तर त्याआधीचे कागद त्या संस्थानच्या दप्तरात. कोल्हापूरचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. पेशवाईपर्यंत मागं जायचं असेल तर पुण्याला पेशवे दफ्तर, पण एवढ्या मागं साध्या कुळाचं नाव मिळणं कठीण, पाटील-कुलकर्णी, इनामदार असाल तर बघा.

जुनं बरंचसं मोडी लिपीत असतं. मोडी वाचणारे पैसे घेतात, घेऊ देत, कष्टाचं काम आहे. फक्त त्यांना मोबाईलवरचे तिरके अंधारे फोटो पाठवू नका, पान सपाट ठेवून, उजेडात, चारी कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि त्या पानाच्या आधीचं एक, नंतरचं एक अशी पानं पण द्या, एकट्या पानावरनं हाताचं वळण लागत नाही.

प्रश्न : आम्ही लिंगायत. पणजीची समाधी आमच्या शेतात आहे. काकांनी ते शेत विकलं. नवीन मालकानं समाधीच्या चारी बाजूनं ऊस लावलाय आणि अमावास्येला जायला वाट देत नाही. काय करता येईल? (एक वाचक, बैलहोंगल तालुका)

उत्तर : आधी खरेदीखत वाचा, काकांचं तोंडी ऐकू नका. विकताना 'समाधीची जागा आणि जाण्या-येण्याची वाट सोडून' असं लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम. तसं काहीच नसेल तर जमीन त्याची झाली, आणि वर्षानुवर्षांच्या वहिवाटीवर हक्क मागायचा तर ते दिवाणी कोर्टातलं काम, त्याला पुरावा लागेल आणि वर्षं जातील. वकिलाला विचाराच, पण माझं मत, त्याआधी गावातली चार वडीलधारी माणसं आणि तुमच्या मठाचे स्वामी ह्यांना घेऊन त्याच्या घरी जा. उसाला नुकसान होतं ही त्याची भीती असते, ती खोटी नाही, दहा माणसं पाचटातनं चालली की सऱ्या मोडतात, कोणी विडी टाकली तर फडच पेटतो. ऊस तुटल्यावर, वर्षातनं ठरलेल्या एक-दोन दिवशी, बांधावरनं, एवढं मागितलंत तर बहुतेक जण हो म्हणतात. मग ते साध्या कागदावर न ठेवता बाँडवर लिहून घ्या, कारण हा मालक पण उद्या विकणार आहे.

समाधी हलवावी का असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. ते मी सांगणारा कोण, घरातले आणि मठ ठरवतील. पण हलवणार नसाल तर जागेचं माप घेऊन ठेवा, विहिरीपासनं किती, बांधाच्या दगडापासनं किती, सर्व्हे नंबर काय. चौथरा गेला तरी माप राहतं. आणि ज्यांच्या शेतात अशा समाध्या आहेत आणि जमीन अजून विकायची आहे त्यांनी दोन गुंठे वगळूनच विका, पैसे थोडे कमी येतील.

प्रश्न : आमचे पूर्वज गोव्याहून खानापूरकडं आलेले ख्रिस्ती. ते राहायचे ती वस्ती आता नाही आणि क्रूस पण दिसत नाहीत. नोंद कुठं मिळेल? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुमचं काम ह्या सगळ्यांत सोपं आहे. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन तिन्हीची नोंद वेगवेगळी असते आणि दफनाच्या नोंदीत तारीख, कधी कधी आई-बापाचं नाव, मूळ गाव पण मिळतं. वस्ती गेली तरी ती ज्या चर्चखाली येत होती ते कुठलं एवढं शोधा. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ ला वेगळा झाला, त्याआधी हा भाग गोव्याच्या आर्चबिशपांकडं होता, त्यामुळं खानापूरला वही नाही मिळाली तर गोव्यात पणजी शहरात आर्चबिशपांकडं विचारणं भाग आहे, आणि तुम्ही तर मडगावातच आहात. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, नावाचं स्पेलिंग दर पिढीला बदलतं, आडनाव सोडून आधी गावाच्या नावावरनं पानं चाळा. फादरना आधी फोन करून वेळ घ्या, रविवारी मिसा झाल्यावर वही मागायला उभे राहू नका, तेव्हा त्यांना बोलायलाही सवड नसते.